सर्व्हर आपोआप रिस्टार्ट होतोय आणि एएमसीवाला म्हणतो मदरबोर्ड गेला, आधी काय तपासायचं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की रबाळे एमआयडीसीत ऑफिस आहे, पाच वर्षं जुना टॉवर सर्व्हर आहे, त्यावर ईआरपी (धंद्याचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) आणि अकाउंट्सचा सगळा डेटा, पावसाळा लागल्यापासून तो कधीही आपोआप रिस्टार्ट होतो, पुढचा लाईट मधूनच नारिंगी होतो, आणि एएमसीवाल्याने, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार असलेल्याने, एकदा झाकण उघडून आत डोकावून मदरबोर्ड बदलायचं कोटेशन हातात ठेवलंय. पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढू का असं विचारताय. माझं उत्तर, इतक्यात नको. बोर्ड गेलेला असूही शकतो, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात बोर्डाकडे बोट दाखवणारं एकही लक्षण मला दिसत नाही. आपोआप रिस्टार्ट होणं हे पॉवर, रॅम, गरम होणं, प्रोसेसर, बोर्ड, कधीकधी नुसता विंडोजचा ड्रायव्हर, यातल्या कशानेही होतं, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात इतकी वर्षं हेच काम केल्यावर सांगतो की यात बोर्डाचा नंबर बराच खाली लागतो.

सगळ्यात आधी बॅकअप. आज रात्री, सर्व्हर चालू आहे तोवर. आणि तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून ईआरपी उघडतं का तेही बघा, कारण "बॅकअप रोज होतो साहेब" म्हणणाऱ्यांकडची फाईल ऐन वेळी शून्य केबीची निघालेली मी पाहिलीय. बॅकअप हातात असला की पुढची सगळी तपासणी डोकं थंड ठेवून करता येते, नाहीतर मालक मागे उभा राहून "अजून किती वेळ" विचारतो आणि माणूस घाईत दोन-तीन गोष्टी एकदम बदलून मोकळा होतो. मग सर्व्हर सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही.

दुसरं म्हणजे झाकण उघडण्याआधी लॉग वाचायचा. सर्व्हर आणि साध्या पीसीत मोठा फरक हाच आहे की सर्व्हरच्या बोर्डावर एक वेगळी छोटी चिप बसलेली असते, ती विंडोज बंद असलं तरी जागी असते आणि तापमान, व्होल्टेज, पंखे, रॅमच्या चुका, पॉवर सप्लाय सगळ्याची नोंद ठेवते. डेलमध्ये तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीत आयलो, लेनोव्होत एक्सक्लॅरिटी, बाकीच्यांत नुसतं आयपीएमआय. तुम्ही कंपनी लिहिली नाहीत पण काम तेच. मागे एक वेगळा लॅनचा पोर्ट असतो, त्याच्यावर पाना किंवा मॅनेजमेंट असं काहीतरी चिन्ह असतं, त्यात केबल लावा, बायोसमध्ये जाऊन त्याला आयपी द्या आणि ब्राउझरमध्ये उघडा. पासवर्ड सहसा सर्व्हरच्या पुढच्या बाजूला ओढून बाहेर काढायच्या छोट्या पट्टीवर छापलेला असतो, ती पट्टी कोणी हरवली नसेल तर. बऱ्याच कंपन्यांत ही केबल पहिल्या दिवसापासून लावलेलीच नसते, इतका चांगला साक्षीदार आत बसलेला आणि त्याला कोणी काही विचारतच नाही.

आत सिस्टीम इव्हेंट लॉग मिळेल, एचपीत त्याला इंटिग्रेटेड मॅनेजमेंट लॉग म्हणतात. आधी तो फाईलमध्ये सेव्ह करा आणि मग वाचा. क्लिअर करू नका, आणि एएमसीवाल्यालाही करू देऊ नका, त्यांना नारिंगी लाईट घालवायची घाई असते आणि लॉग क्लिअर केला की लाईट बऱ्याचदा जातो पण पुरावाही जातो. काही मशीनमध्ये उलटंच असतं, लॉग भरून गेलेला असतो आणि नवीन नोंदच होत नाही, तेव्हा शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची दिसली तर सगळं छान चाललंय असं समजू नका, कॉपी काढून मगच रिकामा करा. आणखी एक, या चिपचं घड्याळ बऱ्याचदा यूटीसीवर असतं म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. दुपारी तीनला सर्व्हर पडला असेल तर लॉगमध्ये सकाळी साडेनऊ दिसेल, आणि लोक म्हणतात त्या वेळी तर काहीच झालं नव्हतं.

आता विंडोजच्या बाजूने. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉग उघडा, कर्नल-पॉवरचा इव्हेंट ४१ आणि ६००८ असे दोन दिसतील. त्यांचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता उठलं, ते तर आपल्याला माहीतच आहे. पण ४१ च्या डिटेल्समध्ये बगचेककोड नावाची ओळ असते ती बघा. तिथे शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे एकतर वीज गेली किंवा मशीन जागच्या जागी गोठलं. तिथे २९२ असेल तर तो हार्डवेअरने दिलेला घातक एरर आहे, मग शेजारी व्हीआ-लॉगर (WHEA-Logger) नावाच्या नोंदी शोधा, त्यात इव्हेंट १८ म्हणजे घातक चूक आणि ४७ म्हणजे मेमरीची दुरुस्त झालेली चूक. दुसराच काही आकडा असेल तर हार्डवेअर बाजूला ठेवून आधी ड्रायव्हर, अँटीव्हायरस, नुकताच झालेला अपडेट हे बघा, बोर्ड बदलून ते सहसा सुटणार नाही.

माझ्या मते तुमच्या केसमध्ये सगळ्यात जास्त उपयोगी पडेल ती तपासणी अगदी साधी आहे आणि तिला एक रुपया लागत नाही. दुसऱ्या एखाद्या पीसीवरून दोन कमांड विंडो उघडून एकीत सर्व्हरच्या विंडोजच्या आयपीला आणि दुसरीत आयड्रॅक किंवा आयलोच्या आयपीला सतत पिंग (मशीन जागं आहे का हे नेटवर्कवरून विचारणारी कमांड) लावून ठेवा. तो पीसी आणि मधला स्विच मात्र त्याच यूपीएसवर नको, नाहीतर तेही सोबत पडतील आणि काहीच कळणार नाही. पुढच्या वेळी रिस्टार्ट झाला की बघा. फक्त विंडोजचा पिंग तुटला आणि मॅनेजमेंट चिपचा चालूच राहिला तर बाहेरून वीज येत होती, गडबड सर्व्हरच्या आत आहे. दोन्ही एकाच क्षणी तुटले आणि चिप एक-दोन मिनिटांनी उठली तर वीजच तुटली, मग दोष बाहेर आहे किंवा फार तर पॉवर सप्लायमध्ये. पिंग लावायला जमलं नाही तर चिपच्या पेजवर तिचा अपटाइम किंवा ती स्वतः रिस्टार्ट झाल्याची नोंद शोधा, त्यावरूनही तेच कळतं. दोन पॉवर सप्लाय असलेल्या सर्व्हरमध्ये लॉग स्वतःच सांगतो, "इनपुट लॉस्ट" लिहिलं असेल तर बाहेरून करंट आला नाही आणि "फेल्ड" असेल तर सप्लाय स्वतः गेला. दोघांचं इनपुट एकाच सेकंदाला गेलं असेल तर दोघं एकाच यूपीएसवर लावलेत हे न बघता ओळखायचं. तुमच्या टॉवरमध्ये एकच सप्लाय असेल तर मात्र वीज गेली की चिपही मरते, त्यामुळे लॉगमध्ये काहीच नसतं. लॉग कोरा आहे म्हणून बोर्ड गेला असं सांगणारे भेटतील, पण कोरा लॉग आणि त्यात दोन्ही पिंग एकदम तुटलेले, हे तर सरळ सरळ विजेकडे बोट आहे.

आणि एमआयडीसीत वीज म्हणजे फक्त महावितरणची लाईन नव्हे. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात असाच सर्व्हर पडायचा, कधी दिवसातून दोनदा तर कधी आठवडाभर काही नाही. रिस्टार्टच्या वेळा कागदावर लिहून काढल्या तेव्हा त्या सगळ्या माल उतरवायच्या वेळेच्या आसपास जमायला लागल्या. खाली गुड्स लिफ्ट सुरू झाली की व्होल्टेज क्षणभर बसायचं, यूपीएस बॅटरीवर जायचा, आणि बॅटऱ्या इतक्या मेल्या होत्या की त्या क्षणाचाही भार झेपायचा नाही. ट्यूबलाईट फक्त लुकलुकायची म्हणून वीज गेली असं कोणाला वाटायचंच नाही. सर्व्हरचा पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर साधारण १० ते २० मिलिसेकंद तग धरतो, त्याच्यापुढे नाही. तिथेसुद्धा आधीच्या माणसाने बोर्डाचंच कोटेशन दिलेलं होतं.

म्हणून यूपीएसच्या बॅटऱ्या कधी बदलल्या ते विचारा. सीलबंद १२ व्होल्टच्या बॅटऱ्या आपल्याकडच्या उकाड्यात तीन-चार वर्षांत बसतात, आणि यूपीएसचा डिस्प्ले १०० टक्के दाखवत राहतो कारण तो व्होल्टेज बघतो, दम नाही. रविवारी सगळे युजर बाहेर काढा, सर्व्हर शटडाऊन करा, त्याच्या जागी तेवढ्याच वॅटचे बल्ब किंवा दुसरं बिनकामाचं लोड लावा आणि यूपीएसची इनपुट बंद करून बघा किती टिकतो. सर्व्हर लावून हा प्रयोग करू नका. त्याच वेळी इलेक्ट्रिशियनकडून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तिन्ही मोजून घ्या, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग आधी नीट करा. जुन्या गाळ्यांत हे फार सापडतं. स्वस्तातला चौकोनी वेव्हवाला यूपीएस असेल तर तोही बदलायच्या यादीत टाका, सर्व्हरच्या सप्लायला तो कधीकधी मानवतच नाही.

दोष आत आहे असं निघालं तर माझा पहिला संशय रॅमवर. सर्व्हरची रॅम ईसीसी असते म्हणजे एका बिटची चूक ती स्वतः दुरुस्त करते आणि नोंद टाकते, दोन बिटची चूक ओळखते पण दुरुस्त करू शकत नाही, तेव्हा मशीन मुद्दाम थांबतं, चुकीचा डेटा तुमच्या अकाउंट्समध्ये लिहिण्यापेक्षा पडलेलं बरं म्हणून. लॉगमध्ये स्लॉटचं नावही असतं, ए१, बी२ असं. रॅमच्या चुका दुर्मीळ असतात हा गैरसमज आहे, गूगलच्या सर्व्हरांवरच्या २००९ सालच्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅमपट्ट्यांनी निदान एक तरी चूक दाखवली होती. त्यामुळे एखादी दुरुस्त झालेली चूक दिसली म्हणून घाबरायचं नाही, पण एकाच स्लॉटची नोंद पुन्हा पुन्हा येत असेल तर ती पट्टी धोक्याची घंटा वाजवतेय.

अशा वेळी पट्टीची जागा बदलायची. समजा ए२ चं नाव येतंय, तर ए२ मधली बी२ मध्ये आणि बी२ मधली ए२ मध्ये, बाकी कशाला हात लावायचा नाही. नंतर चूक बी२ च्या नावाने आली तर पट्टी खराब, ए२ च्याच नावाने येत राहिली तर स्लॉट, प्रोसेसर किंवा बोर्ड. फक्त एक गोष्ट, अलीकडच्या सर्व्हरांत चूक आलेली मेमरीची ओळ पुढच्या बूटला बायोस स्वतः बदली करून घेतो, तेव्हा नवीन मशीन असेल तर जागा बदलायच्या आधी एकदा नीट रिस्टार्ट देऊन बघा. आणि मेमटेस्ट रात्रभर चालवून पास झाला म्हणून रॅमला क्लीन चिट देऊ नका, ईसीसी पाठीमागून चुका दुरुस्त करत असते आणि मेमटेस्टला त्या दिसतातच असं नाही. सकाळी उठून चिपचा लॉगच बघायचा. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली सेकंडहँड रॅम घालायची असेल तर रजिस्टर्ड आहे की अनबफर्ड ते बघून घ्या, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

पावसाळ्यापासून सुरू झालंय हे तुम्ही लिहिलंत ते मला महत्त्वाचं वाटतं. तुमच्या बाजूला एकीकडे खाडी, दुसरीकडे केमिकलच्या कंपन्या, मधे उघडे नाले. पट्टी बाहेर काढली की तिच्या खालच्या कडेचे सोनेरी संपर्क नीट उजेडात धरून बघा. चांगली पट्टी एकसारखी पिवळी चमकते. या पट्ट्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये कडेला तपकिरी-काळपट रेषा दिसते, कधी स्लॉटच्या पिनांवर हिरवट पूड, आणि तांब्याचा उघडा भाग असेल तर तो पूर्ण काळा पडलेला. हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू आणि दमट हवा एकत्र आली की असं होतं. यासाठी चक्क मानक आहे, तांब्याची पट्टी महिनाभर खोलीत ठेवून तिच्यावर ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग) कमी गंज चढला तर ती हवा इलेक्ट्रॉनिक्ससाठी सौम्य धरतात. आपण काही ते मोजत बसणार नाही, पण खोलीचा दरवाजा सताड उघडा ठेवून पंखा लावणारे लोक बघितले की मला हे आठवतं. संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबर घासायची आपल्याकडे जुनी सवय आहे, त्याने त्या दिवशी मशीन चालतं पण सोन्याचा मुलामा जातो आणि सहा महिन्यांनी परत तेच. हे सगळं करताना पॉवरची वायर काढलेली हवी, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून उरलेला करंट घालवायचा, आणि हाताला अँटिस्टॅटिक पट्टा.

तापमानाचं लवकर आटपतो. चिपच्या पेजवर इनलेट तापमान दिसतं, सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ डिग्री ठेवावं अशी शिफारस असते. रात्री एसी बंद करत असाल तर रात्रीचा ग्राफ बघा. पंखा गेला असेल तर लॉग ओरडून सांगतो, धूळ मात्र सांगत नाही, ती ब्लोअरने काढायची आणि काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. एसीचं पाणी सर्व्हरवर ठिबकत नाही ना तेही वर बघून घ्या, हसू नका, होतं असं.

डिस्कमुळे सहसा सर्व्हर रिस्टार्ट होत नाही, पण नारिंगी लाईट मात्र डिस्कचाही असू शकतो, म्हणजे तुमच्याकडे दोन वेगवेगळे आजार असू शकतात. रेड (RAID) कार्डाच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवणाऱ्या कार्डाच्या, मागे डिस्क लपलेल्या असल्यामुळे विंडोजला त्यांची तब्येत दिसत नाही, कार्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर लागतं. त्यात प्रत्येक डिस्कचे मीडिया एरर आणि अदर एरर असे दोन आकडे असतात, मीडिया एरर वाढत असेल तर डिस्कची पृष्ठं जातायत, अदर एरर वाढत असेल तर आधी केबल आणि बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात तो मागचा बोर्ड) बघा. प्रेडिक्टिव्ह फेल्युअर आलं की डिस्क बदलायची, वाट बघायची नाही. रेड ५ (एक डिस्क गेली तरी चालणारी मांडणी) असेल तर रिबिल्डच्या, म्हणजे नवीन डिस्क भरून घेण्याच्या, वेळी दुसरी डिस्क जायची शक्यता खरी असते, आणि एकाच दिवशी घेतलेल्या एकाच लॉटच्या डिस्क असल्या तर जास्तच. २०१९ मध्ये एचपीईने स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांच्या काही एसएएस एसएसडी जुन्या फर्मवेअरवर बरोबर ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतात, म्हणजे एकत्र सुरू केलेल्या सगळ्या एकत्रच. तिथे रेड काय करणार. म्हणून डिस्कचं फर्मवेअरही बघायची सवय ठेवा. फॉरेन कॉन्फिगरेशन असा मेसेज आला तर कोणालाही क्लिअर किंवा इनिशियलाइज दाबू देऊ नका, स्क्रीनचा फोटो काढा आणि थांबा. आणि ईआरपी अचानक स्लो झालंय अशी तक्रार सोबत असेल तर रेड कार्डाची बॅटरी बघा, ती मेली की कार्ड सुरक्षेसाठी राइट-थ्रूवर, म्हणजे प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहिण्यावर, जातं आणि सगळं रांगायला लागतं.

कंपनीचं डायग्नॉस्टिक्स चालवायचं ते यानंतर. डेल आणि एचपीत बूट होताना एफ१० दाबलं की तिथे जाता येतं, लेनोव्होत एफ१. छोटी टेस्ट काही मिनिटांची, मोठी बरेच तास घेते, मोठीच लावा. फेल झाली तर येणारा कोड लिहून ठेवा, वॉरंटी असेल तर त्या कोडवरच कंपनी पार्ट पाठवते. पास झाली तर मात्र फार खूश होऊ नका, गरम झाल्यावर किंवा लोडवरच येणारा दोष रिकाम्या मशीनवर सापडत नाही.

आता बोर्ड खरंच गेलाय हे कधी मानायचं? लॉगमध्ये सिस्टीम बोर्डाच्या व्होल्टेज रेग्युलेटरचं किंवा पॉवर गुड फेलचं नाव येत असेल, दुसरा चालू पॉवर सप्लाय लावूनही येत असेल, आणि एक प्रोसेसर, एक खात्रीची रॅमपट्टी, बाकी सगळी कार्डं आणि डिस्क बाहेर अशा अवस्थेतही मशीन पडत असेल तेव्हा. त्यातही प्रोसेसर एकदा काढून सॉकेटच्या पिना टॉर्चने तिरक्या उजेडात बघा, एखादी वाकलेली असली तर रॅमचं अख्खं चॅनेल गायब होतं आणि लोक बोर्डाला दोष देतात. हीटसिंकचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले तरी असा प्रकार होतो. कॅपॅसिटर फुगलेला दिसला तर मग वाद नाही, बोर्डच.

आणि बोर्ड बदलायचाच ठरला तर त्याआधी विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) लावलंय का ते तपासून रिकव्हरी की कागदावर काढून ठेवा, टीपीएम, म्हणजे त्या कुलपाची किल्ली सांभाळणारी चिप, बोर्डाबरोबर गेला की डिस्क की मागते आणि तेव्हा ती शोधत बसायची वेळ नसते. नवीन बोर्डावर जुना सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर टाकून घ्या, नाहीतर पुढच्या वॉरंटी कॉलला घोळ होतो. हार्डवेअरला बांधलेली सॉफ्टवेअर लायसन्सं परत ॲक्टिव्हेट करावी लागतील, ईआरपीवाल्याला आधीच कळवून ठेवा. डिस्क काढताना कुठली कुठल्या खणात होती ते मार्करने लिहा.

उद्या एएमसीवाल्याला फक्त एवढंच विचारा की लॉगच्या कुठल्या नोंदीवरून बोर्ड म्हणताय, ती नोंद मेलवर पाठवा. पाठवली तर आपण तिच्यावर बोलू. नाही पाठवली तर दोन्ही पिंग लावून ठेवा, रिस्टार्टच्या वेळा लिहा, आणि पुढच्या रिस्टार्टनंतर लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी, इव्हेंट ४१ चा बगचेककोड आणि यूपीएसच्या बॅटऱ्यांची तारीख मला द्या, त्यावरून बरंच सांगता येईल.